कागदावर जलमार्ग, बंधाऱ्यावर होडी : कर्जतहून दिव्यापर्यंत नदीने येता येईल का?

दिवा : कर्जतहून दिव्याला यायचं तर लोकल आहे. कल्याणला गाडी बदलावी लागली तरी दीड तासात माणूस पोचतो. पण याच दोन गावांना जोडणारा आणखी एक रस्ता आहे आणि तो रेल्वेच्या कितीतरी आधीचा आहे. तो म्हणजे उल्हास नदी. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून निघायचं, मग कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, रायते, मोहने, कल्याण, डोंबिवली करत दिव्याच्या अंगाला यायचं आणि पुढे मुंब्रा, काल्हेर, घोडबंदरवरून वसईला समुद्रात. एकूण लांबी १२२ किलोमीटरच्या आसपास.

यातल्या कल्याणपासून खालच्या पाण्याला केंद्र सरकारने २०१६ च्या कायद्यात नाव आणि नंबर दिला. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३, कल्याण-ठाणे-मुंबई, लांबी १४५ किलोमीटर. तेव्हापासून दर काही महिन्यांनी जलवाहतुकीची बातमी येते, जेट्टीची चित्रं येतात, आणि दिव्याचा माणूस सकाळी परत त्याच गर्दीत दांडीला लोंबकळतो. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलमधून प्रवासी पडले, जीव गेले, तेव्हाही पुन्हा जलमार्गाची आठवण निघाली होती.

मोठी बोट, एसी बोट, रो-रो हे सगळं बाजूला ठेवू. साधा प्रश्न घेऊ. एक माणूस, एक लहान होडी, एक वल्हं. कर्जतच्या खाली होडी पाण्यात सोडली तर ती दिव्यापर्यंत येईल का? आली तर काय बघत येईल?

कयाक म्हणजे काय

मोबाइलवर हल्ली पोरं ज्या लांबट, निमुळत्या, रंगीत होड्यांचे व्हिडिओ बघतात ती कयाक. मूळची उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट शिकाऱ्यांची. लाकडाच्या नाहीतर हाडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बनवायचे. आता प्लास्टिकची असते, दोन माणसं सहज उचलतात. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे मारायचं. इंजिन नाही, डिझेल नाही, वीतभर पाण्यातही चालते. संथ पाण्यात तासाला पाच किलोमीटर धरलं तरी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर होतात. म्हणजे कर्जत ते दिवा तीन-चार दिवसांचं काम.

मराठी माणसाला हे नवीन नाही. मुंबईच्या कौस्तुभ खाडे याने २०१५ मध्ये मुंबईहून गोव्यापर्यंत समुद्रातून कयाक वल्हवत नेली, पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनाराही केला. रायगडमध्ये कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग आणि कयाकिंगवर गावंच्या गावं कमावतात. तिथलं पाणी मुळशी धरणाचं. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलं की नदी फुगते, त्या दोन-तीन तासांत राफ्ट सोडायच्या. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह केला, त्याच्या पाण्यावर आज शहरातली मंडळी आरोळ्या ठोकत उड्या मारतात. मुळशीच्या बुडालेल्या गावांना त्यातला एक रुपयाही जात नाही, हे जाता जाता.

आळंदीची होडी

पण लांब पल्ल्याचं, रोज पुढच्या गावाला मुक्काम करत नदीने जायचं, असं उदाहरण हवं तर ते आपल्याकडेच आहे. पुण्याच्या डॉ. विश्वास येवले यांनी २००२ मध्ये जलदिंडी सुरू केली. आळंदीहून निघायचं आणि पंढरपूरला जायचं, पण चालत नाही, होडीने. इंद्रायणीतून तुळापूरला भीमेत, मग भीमेने खाली खाली, उजनीचा फुगवटा पार करून चंद्रभागेपर्यंत. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या घरात. पावसाळा सरल्यावर, नद्यांना पाणी असतं तेव्हा निघतात.

यात भक्ती आहेच. पण खरी कमाई वेगळी आहे. पुलावरून जाणाऱ्याला नदी अर्धा मिनिट दिसते. काठावरच्या माणसाला आपल्या गावापुरती दिसते. होडीतल्या माणसाला ती सलग दिसते. कुठल्या नाल्याखाली फेस सुरू झाला, कुठे मासा उडायचा थांबला, कुठल्या वळणानंतर वास बदलला, हे त्याला आपोआप कळतं, कारण वल्ह्याबरोबर तेच पाणी अंगावर उडतं. अहवालात नमुना क्रमांक असतो, होडीत नाक असतं.

आता यातली एक गंमत बघा. जलदिंडीच्या नदीचं आणि आपल्या नदीचं पाणी एकाच घरचं आहे. मावळातली आंद्रा ही इंद्रायणीची उपनदी. तिच्यावर टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधलं आणि ते पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. हे वीजघर १९२२ पासून चालू आहे. म्हणजे जे पाणी आळंदीवरून पंढरपूरला जायचं, त्यातला काही वाटा शंभर वर्षं पेज नदीतून उल्हासेत येतोय. कर्जतच्या राजनाला कालव्यावर उन्हाळी भात होतो तो या पाण्यावर. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, ठाण्याचा बराच भाग उन्हाळ्यात नळाला तोंड लावतो ते या पाण्याला आणि बारवी धरणाच्या पाण्याला. उल्हास मे महिन्यात वाहती दिसते ती तिच्या स्वतःच्या झऱ्यांवर नाही.

कर्जतपासून खाली

समजा नोव्हेंबरात दोघंजण कर्जतच्या खालून निघाले. पहिला दिवस सुखाचा. खडक, उथळ पाणी, मध्येच डोह, काठाला भाजीचे मळे, पंपांचे पाइप. नेरळपर्यंत तक्रार करायला फार जागा नाही. मात्र काठावरचे फार्महाऊस आणि रिसॉर्ट मोजत गेलं तर बोटं पुरत नाहीत, आणि त्यांचं सांडपाणी कुठं जातं याचं उत्तर होडीतूनच दिसतं. शेतकऱ्याचाही वाटा आहे. मळ्यात टाकलेला युरिया पहिल्या पावसाला धुऊन नदीतच येतो. दोष द्यायचा तर तो सगळा कारखान्यांच्या नावावर टाकून चालणार नाही.

वांगणी आणि बदलापूरच्या मध्ये चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. २७ जुलै २०१९. हजारावर प्रवासी होते. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदल आलं, आजूबाजूच्या गावकऱ्यांनी जेवणखाण, आसरा दिला. उल्हासेच्या पाण्यात होड्या चालताना सगळ्या महाराष्ट्राने बघितल्या त्या एवढ्याच. नदीने मनावर घेतलं की होडी रुळावरून चालते. एरवी मात्र नदीत होडीला वाट नाही.

वाट नाही कारण बंधारे. बदलापूरचा बॅरेज, त्याच्या खाली आपटीचा बंधारा, मग मोहन्याचा. तिन्ही ठिकाणी होडी काठाला लावून उचलून पलीकडे न्यायची. यात अपमान काही नाही, जगात सगळीकडे बंधारा आला की असंच करतात. फरक एवढाच की इतर देशांत बंधाऱ्याच्या बाजूला पाऊलवाट आणि पाटी असते, आपल्याकडे चिखल, काचा आणि बाभळीचे काटे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बंधाऱ्यावरून होडी घालायचा मोह कुणी करू नये. वरून पाणी साधं घसरताना दिसतं, पण खाली ते उलटं फिरतं आणि पोहणाऱ्यालाही बाहेर पडू देत नाही. दर उन्हाळ्यात या बंधाऱ्यांवर पोहायला आलेल्या पोरांच्या बातम्या द्याव्या लागतात.

आपटीच्या खाली बारवी मिळाल्यावर पाणी वाढतं. रायत्याचा पूल येतो. पावसाळ्यात हाच पूल पाण्याखाली गेला की मुरबाडचा रस्ता बंद. नोव्हेंबरात मात्र पुलाखालून होडी निवांत जाईल. तिथून मोहन्यापर्यंत अंतर थोडं, पण दिवस जाईल. कारण जलपर्णी.

मोहन्याची हिरवी गादी

लांबून बघितलं तर कुणी भाताचं शेत पिकवलंय असं वाटावं. जांभळी फुलंही छान दिसतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाणी थांबलेलं असेल आणि त्यात सांडपाण्याचं खत असेल तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. मोहन्याला दोन्ही आहे. बंधाऱ्यामुळे पाणी थांबलंय, आणि वरच्या गावांचं, शहरांचं मलमूत्र त्यात खत बनून आलंय. या गादीत कयाक घुसली की वल्हं वर निघत नाही. मुळ्या गुंडाळतात. पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. गुरं शेत समजून आत गेली की अडकतात.

दरवर्षी मशीन लावून जलपर्णी काढतात, फोटो येतात, पुढच्या वर्षी पुन्हा तीच. का? कारण जे काढलं ते पीक होतं, खत तसंच राहिलं. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. तण कापलं आणि खताची गोण वाफ्यात रिकामी करत राहिलं तर काय उगवणार? बदलापूर, नेरळ, कर्जतकडे नव्या इमारती झपाट्याने उठतायत. जोवर त्यांच्या सांडपाण्याचा थेंब न् थेंब शुद्ध करून सोडला जात नाही, तोवर मशीनवाल्याला दरवर्षी काम आहे. आणि हे विसरू नका की कल्याण-डोंबिवलीच्या पिण्याच्या पाण्याचा उपसा याच पट्ट्यातून होतो. कयाक अडकते ते पाणी आणि हंड्यात येतं ते पाणी एकच.

मोहन्याचा बंधारा ओलांडला की गोडं पाणी संपत आलं. पुढे काळू नदी येऊन मिळते, तिच्यात भातसेचं पाणी. मग कल्याण, दुर्गाडी. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याचं आरमार इथल्या खाडीत सुरू झालं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. त्या दुर्गाडीच्या अंगाला आज वालधुनी येते. वालधुनी म्हणजे अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराच्या पायाशी वाहणारी नदी. पुढे उल्हासनगर पार करेपर्यंत तिचं गटार होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात रसायन सोडल्यामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना वायूचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली, २०१५ मध्ये कारखाने आणि पालिकांना कोट्यवधींचा भुर्दंड बसवणारा आदेश झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पाणी मात्र कोर्टाच्या तारखा बघून वाहत नाही.

नदी एक, मालक चौदा

मूळ अडचण पैशाची कमी आणि वाटणीची जास्त आहे. उगमाकडचा भाग रायगड जिल्ह्यात, खालचा ठाणे जिल्ह्यात. काठावर ग्रामपंचायती, मग नगरपरिषदा, मग उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे या महापालिका. पाणी सोडणार पाटबंधारे आणि वीज कंपनी, उपसणार एमआयडीसी, जीवन प्राधिकरण आणि पालिका. प्रदूषण बघणार नियंत्रण मंडळ, रेती बघणार महसूल, कांदळवन बघणार वनखातं, बोट बघणार मेरीटाइम बोर्ड, आणि जलमार्ग दिल्लीचा. प्रत्येकाचा तुकडा ठरलेला. ‘आमच्या हद्दीत येतं तेव्हाच ते घाण असतं,’ हे वाक्य कर्जत सोडून प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येक ठिकाणी ते खरंच असतं.

म्हणून लहान होडीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हौस म्हणून नाही. वर्षातून एकदा, जलदिंडीसारखं, कर्जत ते दिवा असं सगळ्या खात्यांच्या एकेका माणसाला होडीत बसवून आणलं तर हद्दीचा वाद राहत नाही. कुठल्या नाल्यापर्यंत पाणी बरं होतं हे सगळ्यांनी एकाच वेळी बघितलेलं असतं. काठावरच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या हद्दीत फक्त एक उतार आणि बंधाऱ्यावर एक पाऊलवाट साफ ठेवायची. त्याला कोटी लागत नाहीत, रोजगार हमीतून होण्यासारखं आहे.

अशक्य आहे का? लंडनच्या थेम्स नदीला १९५७ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी मेलेली नदी ठरवलं होतं. सांडपाणी शुद्ध करायला लागल्यावर तिच्यात मासे परतले, आता सील दिसतात. आणि लांब कशाला, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला स्वामिनी बचत गटाच्या बाया खाडीत होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. ऐरोलीला वनखात्याची बोट फ्लेमिंगो दाखवायला जाते. खाडी आपलीच, पैसे देणारा माणूसही आपल्याच स्टेशनवरून जाणारा.

दिव्याच्या वाट्याला काय?

कल्याणच्या खाली खाडी रुंद होते. डोंबिवलीचं मोठागाव, समोर माणकोली. पूल नव्हता तेव्हा लोक इथून होडीनेच ये-जा करत. आता पूल झाला, होडी गेली. त्याखाली दिवा.

दिव्यातला आगरी-कोळी माणूस पिढ्यान्‌पिढ्या या खाडीवर जगला. खार जमिनीत भात, बांधाला उघाडी, खाडीत कोळंबी, चिंबोरी, निवटी, नशीब असेल तर जिताडा. हातपाटीने रेती काढणारेही होते. पुढे सक्शन पंप आले, बार्ज आल्या, आणि खाडीचा तळ असा उकरला गेला की काठ ढासळायला लागले. रेल्वेच्या रुळांना धोका म्हणून ओरड झाली, कारवाया झाल्या, पंप जाळले, पुन्हा आले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली, तरी भराव टाकून चाळी उठल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. त्यात ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात पडला. डम्पिंग बंद व्हायला २०२३ उजाडलं. थोडक्यात, शहराला जे नको ते दिव्याला.

आणि जे हवं ते? जलमार्गाच्या पहिल्या टप्प्यात जेट्टीसाठी नावं घेतली गेली ती कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि मीरा-भाईंदर. दिव्याचं नाव त्यात नाही. लोकलमध्ये चढायला जागा नसलेल्या लाखो लोकांचं गाव, पायाशी राष्ट्रीय जलमार्ग, आणि बोट थांबणार नाही. वसई-भाईंदर रो-रो २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, म्हणजे खालच्या टोकाला काम होऊ शकतं हे दिसलं. वरच्या टोकाला कारणं दिली जातात ती गाळाची आणि कमी उंचीच्या पुलांची. कारणं खोटी नाहीत. मोठ्या बोटीला पाणी लागतंच. पण त्यासाठी गाळ उपसला जाईल तेव्हा जाईल. लहान होडीचा धक्का आजही होऊ शकतो. मासेमारीच्या होड्यांना, विसर्जनाला, पुरात बचावाच्या बोटींना, सगळ्यांनाच तो कामाचा. २६ जुलै २००५ ज्यांनी दिव्यात काढली त्यांना धक्क्याचा उपयोग समजावून सांगावा लागणार नाही.

ज्यांना हे करूनच बघायचंय अशा पोरांसाठी दोन-चार गोष्टी. पावसाळ्यात अजिबात नाही. लाइफ जॅकेटशिवाय नाही, एकट्याने नाही, आणि निघण्याआधी पोलीस ठाण्यात व काठावरच्या गावात सांगून. मोहने ते दुर्गाडी पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, अंगावर जखम असेल तर उतरायचंच नाही. कल्याणच्या खाली ताकदीपेक्षा तिथी बघायची. जुने कोळी सांगतात तो हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. समुद्राकडून पाणी आत दिव्यापर्यंत चढायला त्यावर आणखी वेळ धरायचा. कल्याणहून निघायचं ते भरती फिरल्यावर, ओहोटीच्या ओढीबरोबर. उलट्या पाण्यात तासभर वल्हवलं तरी तोच पूल शेजारी दिसत राहतो. पण पार ओहोटी होईपर्यंत रेंगाळायचंही नाही. पाणी उतरलं की दिव्याच्या काठाला आणि होडीला मध्ये मांडीभर गाळ असतो, आणि त्यातून होडी ओढत आणायला चार माणसं आधीच सांगून ठेवावी लागतात.